मोटारसायकलचा दिवा : झगमगाट नको, उजेड हवा

व्यापाराच्या पानावर मोटारसायकलच्या दिव्याची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकबांधवांना पडेल. उत्तर सोपे आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर या कापडाच्या गावांत लहान व्यापाऱ्याचा टेम्पो म्हणजे त्याची मोटारसायकलच असते. मागच्या सीटवर गठ्ठा बांधून तो आठवडी बाजाराला जातो आणि बाजार उठल्यावर हिशेब करून परत निघतो. हिवाळ्यात मगरिब सहाच्या सुमारास होते. म्हणजे परतीचा सगळा रस्ता अंधारात. त्या दिवसांत कांद्याचे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्याही रस्त्यावर असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या मागे ना दिवा असतो, ना चमकणारी लाल पट्टी. अशा रस्त्यावर पुढचा दिवा हे शोभेचे सामान नाही. दुकानात जशी मीटरपट्टी, तसे ते धंद्याचे अवजार आहे.

सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत दुचाकीवरील लोकांचा वाटा सुमारे ४४ टक्के होता. हे सगळे रात्री घडले असे नाही, आणि सगळे दिव्यामुळे घडले असे तर मुळीच नाही. पण आपल्या हातात जेवढे आहे तेवढे तरी नीट करावे की नाही?

हल्ली ज्याला रात्री कमी दिसते तो स्पेअर पार्टच्या दुकानात जातो आणि सर्वांत पांढरा, सर्वांत झगझगीत बल्ब मागतो. दुकानदार तो देतो, मेकॅनिक पाच मिनिटांत बसवून देतो. गल्लीत भिंतीवर उजेड पडतो तेव्हा गिऱ्हाईक खूष होते. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. दिवा निवडताना पहिला प्रश्न "किती उजेड?" हा नसून "उजेड कुठे पडतो?" हा आहे. जो उजेड रस्त्यावर न पडता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत पडतो, तो आपल्याही उपयोगाचा नाही आणि दुसऱ्याचा तर जीव धोक्यात घालणारा आहे.

दिवा म्हणजे नुसता बल्ब नव्हे

दिव्याचे तीन भाग असतात : उजेड देणारा बल्ब, त्याच्या मागची चकचकीत वाटी म्हणजे रिफ्लेक्टर, आणि पुढची काच. या तिघांचे नाते कुलूप-किल्लीसारखे आहे. वाटीचा आकार अशा हिशेबाने बनवलेला असतो की बल्बची तार एका ठरलेल्या जागी असली तरच उजेड ठरलेल्या दिशेने जाईल. तार एक-दोन मिलिमीटर सरकली तरी उजेडाची दिशा बिघडते.

हे ज्ञान आजचे नाही. इब्न अल-हैसम या विद्वानाने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अशाच वक्र आरशांवर स्वतंत्र रिसाला लिहिला होता. त्यांच्या 'किताब अल-मनाज़िर' या ग्रंथात दृष्टीचा विचार करताना एक साधी गोष्ट पुराव्यादाखल मांडलेली आहे : अति तीव्र उजेडाकडे पाहिले की डोळ्याला त्रास होतो, म्हणजेच उजेड बाहेरून येऊन डोळ्यावर काम करतो. हा त्रास कसा होतो, ते आज महामार्गावर रात्री गाडी चालवणारा प्रत्येकजण जाणतो.

आपल्याकडच्या बहुतेक शंभर ते दीडशे सीसीच्या मोटारसायकलींत एचएस-१ नावाचा ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. मोठ्या गाड्यांत एच-४ हा ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. एच-४ हा १९७१ साली युरोपात आला. दोन्हींची रचना सारखी : एका काचेत दोन तारा, एक हाय बीमची आणि एक लो बीमची. लो बीमच्या तारेखाली धातूची छोटीशी वाटी बसवलेली असते. ती तारेचा खालचा उजेड अडवते, त्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परतून खाली रस्त्यावर येतो. समोरच्याचे डोळे वाचवण्याचे सगळे काम ही एवढीशी वाटी करते. दिव्याचा कोणताही नवा प्रकार निवडताना विचारायचे ते हेच, की या वाटीचे काम आता कोण करणार?

डब्यावरचा आकडा

कापडाच्या धंद्यात लेबल पाहून माल घेणारा फसतो. ताग्यावर काय छापले आहे यापेक्षा कापड हातात घेऊन पोत पाहावा लागतो आणि वजन करावे लागते. दिव्याच्या बाजारातही तेच आहे.

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो. लुमेन म्हणजे तो एकूण किती उजेड बाहेर टाकतो. आणि लक्स म्हणजे त्यातला किती उजेड एखाद्या जागेवर पडतो. आपल्याला हवा असतो लक्स, तोही रस्त्यावर. डब्यावर मात्र लुमेन आणि वॅट छापतात, कारण ते आकडे मोठे दिसतात.

प्रमाणित एचएस-१ बल्ब १३.२ व्होल्टवर लो बीमला सुमारे ५२५ आणि हाय बीमला सुमारे ८२५ लुमेन देतो. एच-४ बल्ब लो बीमला सुमारे १,००० आणि हाय बीमला सुमारे १,६५० लुमेन देतो. मोटारींत कारखान्यातून बसून येणारा झेनॉन म्हणजे एचआयडी दिवा ३५ वॅटमध्ये सुमारे ३,२०० लुमेन देतो. आता बाजारात एखाद्या एलईडी बल्बच्या डब्यावर '२०० वॅट, २०,००० लुमेन' असे छापलेले दिसले तर काय समजावे? २०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर जवळजवळ १७ अँपिअर. लहान मोटारसायकलचे जनित्र सगळे मिळूनही सहसा एवढी वीज तयार करत नाही. म्हणजे एकतर आकडा खोटा आहे, नाहीतर तो बल्ब तुमच्या गाडीचा नाही. दोन्ही बाबतींत तो परत ठेवलेला बरा.

दुसरा आकडा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा. हॅलोजनचा पिवळसर उजेड साधारण ३,२०० केल्विनचा असतो आणि कारखान्यातून येणाऱ्या एचआयडीचा ४,३०० च्या आसपास. ६,००० ला तो शुभ्र दिसतो आणि ८,००० ला निळा. पुष्कळांची समजूत अशी की आकडा जितका मोठा तितका उजेड जास्त. हे खरे नाही. हॅलोजन बल्बच्या काचेला निळा रंग देऊन जो पांढरा उजेड काढतात, तो रंग उजेडाचा काही भाग स्वतःच गिळतो. वरून निळसर उजेड समोरच्याच्या डोळ्याला जास्त बोचतो. आपण कापडवाले तर हे चांगले जाणतो की दुकानातल्या ट्यूबखाली एक रंग दिसतो आणि बाहेर उन्हात दुसरा. उजेड डोळ्याला पांढरा वाटला म्हणजे त्यात सगळे खरे दिसते, असे नव्हे.

आधी आहे त्यालाच पूर्ण वीज द्या

नवा दिवा घेण्यापूर्वी जुना दिवा आपले पूर्ण काम करतो आहे का, ते पाहावे. आमच्या मते निम्म्या गिऱ्हाइकांचा प्रश्न इथेच सुटेल.

हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी झाले की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीपाशी १३.२ व्होल्ट आहेत आणि बारीक वायर, गंजलेले जोड, झिजलेला स्विच यांतून बल्बपर्यंत ११.९ पोहोचले, तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच संपला. मेकॅनिककडे मीटर असतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्ट मोजायला सांगा. फरक मोठा निघाला तर बॅटरीपासून सरळ जाड वायर आणि मध्ये एक रिले बसवून घ्यावा. मग स्विच फक्त रिलेला हुकूम देतो आणि बल्बची वीज जाड वायरमधून जाते. हा खर्च काही शे रुपयांचा आहे, आणि उजेड वाढतो तो योग्य जागीच, कारण बल्बही तोच आणि वाटीही तीच.

जुन्या पुष्कळ गाड्यांत मात्र पुढचा दिवा बॅटरीवर चालतच नाही. तो सरळ मॅग्नेटोच्या एसी विजेवर चालतो. ओळख सोपी आहे : इंजिन मंद झाले की दिवा मंद आणि रेस दिली की तेज. अशा गाडीला नुसता रिले लावून उपयोग नाही. दिवा डीसीवर आणायचा तर जनित्राची ताकद, रेक्टिफायर आणि बॅटरी हे सगळे जाणणाऱ्या माणसाकडूनच काम करून घ्यावे. एलईडी बल्ब अशा गाडीत थेट लावला तर तो लुकलुकतो किंवा लवकर जळतो.

त्यानंतर वाटी आणि काच पाहावी. वाटीचा मुलामा पाण्याने आणि धुळीने उडाला असेल तर कितीही भारी बल्ब व्यर्थ आहे. ती फडक्याने घासू नये, मुलामा आणखी निघतो. वाटी बदलावी. प्लॅस्टिकची काच पिवळी पडली असेल तर तीही बदलावी. आणि हेल्मेटची काच? ओरखडे पडलेल्या किंवा काळ्या काचेतून रात्री पाहणाऱ्याला दिव्यावर पैसा घालण्याचा अधिकारच नाही, असे आम्ही म्हणू.

हॅलोजन

एवढे करूनही उजेड कमी पडत असेल तर पहिला पर्याय म्हणजे त्याच मापाचा, त्याच वॅटचा, नामांकित कंपनीचा चांगला हॅलोजन बल्ब. काही कंपन्या त्याच वॅटमध्ये जास्त उजेड देणारे बल्ब काढतात. त्यांची तार जास्त तापवलेली असते, म्हणून आयुष्य कमी असते. ज्याला रात्री रोज जायचे आहे त्याने डिकीत एक जादा बल्ब ठेवावा, एवढीच त्याची किंमत.

३५ वॅटच्या जागी ६० किंवा १०० वॅटचा बल्ब ठोकण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. ३५ वॅटला सुमारे ३ अँपिअर लागतात, ६० ला ५ आणि १०० ला ८ च्या वर. मूळ वायर तेवढ्यासाठी नसते. होल्डर वितळतो, प्लॅस्टिकची वाटी करपते, बॅटरी उतरते. एखाद्या रात्री मधल्या माळावर दिवाच गेला तर मागचा गठ्ठा आणि पुढचा जीव दोन्ही धोक्यात.

एचआयडी

एचआयडी दिवा मोटारीत १९९१ साली बीएमडब्ल्यूने प्रथम आणला. त्यात तार नसते. वायूतून विजेची ठिणगी जाते. पेटवण्यासाठी २० हजार व्होल्टच्या वर दाब लागतो आणि त्यासाठी बॅलास्ट नावाचा वेगळा डबा असतो. उजेड खूप आणि वीज कमी, हा त्याचा गुण. पूर्ण उजेड यायला काही सेकंद लागतात, हा त्याचा दोष. समोरच्याला इशारा देण्यासाठी चटकन हाय बीम मारायचा तर हा दिवा त्या कामाचा नाही.

मूळ कारखान्यात एचआयडीसाठी स्वतंत्र भिंग आणि स्वतंत्र वाटी बनवतात. बाजारातल्या किटमध्ये मात्र हा बल्ब हॅलोजनच्या वाटीत बसवतात. त्याच्या ठिणगीचा आकार वेगळा आणि जागा वेगळी. लो बीमखालची ती वाटी एकतर नसतेच, नाहीतर नकली असते. मग तिप्पट उजेड चारी दिशांना उधळतो. झाडांचे शेंडे दिसतात, दुकानांच्या पाट्या दिसतात, आणि चाकापुढचा खड्डा दिसत नाही. हॅलोजनच्या दिव्यात एचआयडी किट या पर्यायाला आमचा साफ नकार आहे. स्वस्त मिळाले तरी नको, फुकट मिळाले तरी नको.

एलईडी : दोन वेगळ्या वस्तू

एलईडीच्या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात, आणि सगळा घोळ त्यामुळेच होतो.

पहिली वस्तू म्हणजे एलईडीचा पूर्ण दिवा. त्यात चिप, वाटी, भिंग आणि उष्णता बाहेर टाकणारा धातू हे सर्व एकमेकांसाठी बनवलेले असते. हल्ली पुष्कळ नव्या मोटारसायकली असाच दिवा घेऊन कारखान्यातून बाहेर पडतात. याबद्दल आमची तक्रार नाही. वीज कमी लागते, आयुष्य जास्त, आणि उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. नवी गाडी घेणाऱ्याने हे जरूर पाहावे. तुमच्याच मॉडेलसाठी कंपनीने असा दिवा काढला असेल आणि नोंदणीच्या कागदांशी त्याचा मेळ बसत असेल, तर जुन्या गाडीसाठी हा सर्वांत चांगला पण सर्वांत महाग पर्याय आहे.

दुसरी वस्तू म्हणजे हॅलोजनच्या जागी बसणारा एलईडी बल्ब. हॅलोजनची तार चारी बाजूंना उजेड टाकते. एलईडीची चिप चपटी असते आणि एका बाजूला टाकते. म्हणून बल्बच्या दोन बाजूंना दोन चिप लावतात. चिप बारीक असल्या, बरोबर तारेच्या जागी असल्या आणि लो बीमच्या चिपखाली अडसर असला, तर उजेड बराचसा ठीक पडतो. नाहीतर तो पसरतो. शिवाय एलईडीची उष्णता पुढे न जाता मागे जाते. त्यासाठी पंखा किंवा धातूच्या पट्ट्या लागतात. पावसात आणि धुळीत तो पंखा बंद पडला की चिप तापते आणि उजेड हळूहळू घटतो. गिऱ्हाइकाला ते कळतही नाही.

जर्मनीचा दाखला इथे उपयोगी आहे. तिथे २०२० साली हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एका कंपनीच्या एलईडी बल्बला प्रथमच रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली. पण ती सरसकट नव्हती. ज्या ज्या गाडीच्या दिव्यात तो बल्ब तपासला गेला, त्याच गाड्यांच्या यादीपुरती ती होती. याचा अर्थ एवढाच की बल्ब चांगला की वाईट हे एकट्या बल्बवरून ठरतच नाही. तो कोणत्या वाटीत बसतो त्यावर ठरते. आणि आपल्या दुकानांत 'सर्व गाड्यांना चालेल' असे लिहून तो विकला जातो!

आणखी एक बारकावा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्या लो बीमचा उजेड डावीकडे थोडा वर चढलेला असतो. पायी चालणारा दिसावा म्हणून तो डावीकडे चढतो. उजवीकडे तो खाली असतो, समोरून येणाऱ्याला त्रास नको म्हणून. युरोपातल्या बहुतेक देशांत आणि चीनमध्ये वाहतूक उजव्या बाजूने चालते. तिथल्या रस्त्यांसाठी बनलेला दिवा आपल्याकडे लावला तर तो नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत चढतो. असा दिवा कितीही भारी असला तरी आपल्या कामाचा नाही.

भिंतीसमोरची परीक्षा

बल्ब कोणताही असो, पैसे देण्यापूर्वी एक परीक्षा घ्यावी. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. चालवणारा गाडीवर बसलेला असावा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढावी. लो बीम लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण १० ते १५ सेंटिमीटर खाली यावी, आणि कड स्पष्ट दिसावी. वर चढलीच तर ती फक्त डावीकडे चढावी. कड दिसतच नसेल आणि सगळी भिंत उजळून निघत असेल, तर तो बल्ब दुकानदाराला परत द्यावा.

कापडवाल्यांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट गठ्ठ्याची आहे. मागे पन्नास-साठ किलोचा गठ्ठा बांधला की मागचे शॉक दबतात आणि गाडीचे तोंड वर होते. हिशेब करून पाहा : दिवा फक्त एक अंशाने वर झाला, तर ५० मीटरवर उजेड सुमारे ८७ सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे रिकाम्या गाडीवर जो लो बीम रस्त्यावर पडत होता, तो आता मोटारवाल्याच्या डोळ्यांत पडतो आणि आपल्या चाकापुढे अंधार राहतो. मग आपण म्हणतो, दिवा कमजोर आहे, भारी बल्ब टाका! भारी बल्ब टाकला की आपल्याला आधीइतकेच कमी दिसते आणि समोरचा पूर्ण आंधळा होतो. उपाय अगदी फुकट आहे. गठ्ठा बांधूनच भिंतीसमोर उभे राहावे, मागच्या शॉकचा खटका एक-दोन घरे कडक करावा आणि दिव्याचा स्क्रू फिरवून कड खाली आणावी.

वेगाचाही हिशेब असावा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. अडथळा दिसून ब्रेक दाबून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे ५० मीटर जातात. ताशी ८० ला हेच अंतर ७५ ते ८० मीटर होते. लो बीमचा उपयोगी उजेड साधारण ४० ते ६० मीटरपर्यंत असतो. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या लो बीमवरही ८० चा वेग हा अंधळा वेग आहे. पावसाळ्यात ओल्या डांबरावर उजेड पुढे निसटतो आणि परत आपल्याकडे येत नाही. कसाऱ्याच्या घाटात धुके असले तर हाय बीम धुक्याची पांढरी भिंतच उभी करतो. तिथे लो बीम आणि मंद वेग याला पर्याय नाही. पिवळा बल्ब धुके कापतो ही समजूतही फारशी खरी नाही. उजेड खाली असणे हे रंगापेक्षा महत्त्वाचे.

समोरच्याचा हक्क

कायद्याने हे सर्व आधीच सांगून ठेवले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ म्हणतो की पुढच्या दिव्याचा झोत कायमचा खाली वळवलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा असला पाहिजे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवता कामा नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही. दंड हा एक भाग झाला. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात असा बदल वादाचे कारण होऊ शकतो, हे व्यापारी माणसाने तरी विसरू नये.

पण कायदा पोलीस उभा असेल तेवढ्या चौकात चालतो. आपल्यासाठी त्याच्या पलीकडे एक उसूल आहे. स्वतःचे नुकसान करून घेऊ नये आणि दुसऱ्याचेही करू नये, हा शरीअतचा सर्वमान्य कायदा आहे. रस्त्यातला काटा किंवा दगड बाजूला करणे ही आपल्याकडे इमानची गोष्ट मानली जाते. मग रस्त्यात नवा काटा पेरणे हे काय मानावे? समोरून येणारा कोण आहे, आपल्याला माहीत नसते. साठी गाठलेल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, आणि दिपलेले डोळे पुन्हा सावरायला त्याला जास्त वेळ लागतो. ताशी ६० ने येणाऱ्याचे डोळे फक्त तीन सेकंद दिपले, तरी तो ५० मीटर आंधळा चालला. त्या ५० मीटरमध्ये आपणही असतो. दुसऱ्याला आंधळे करून आपण सुरक्षित होत नाही. तो चुकला तर आपल्याच अंगावर येईल.

विक्रेत्यांना आणि मेकॅनिक बंधूंना

स्पेअर पार्टच्या आणि गॅरेजच्या धंद्यात आपले पुष्कळ बांधव आहेत. त्यांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे : गिऱ्हाईक स्वतः मागते, आम्ही नाही दिला तर शेजारचा देईल. हे खरे आहे. परंतु मालातला ऐब लपवून विकणे आपल्याला मना आहे, आणि मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआन शरीफमध्ये 'अल-मुतफ्फिफीन' ही सूरहच आहे. डब्यावर २०,००० लुमेन छापून दोन हजारही न देणारा बल्ब म्हणजे मापात मारलेली काटाच आहे, मग ती काटा विक्रेत्याने मारलेली असो वा कारखान्याने. एवढे तरी करता येईल : गिऱ्हाइकाला गाडी एसीवर आहे की डीसीवर ते विचारावे, बल्ब भिंतीसमोर लावून दाखवावा, आणि कड येत नसेल तर परत घ्यावा. जो दुकानदार हे करील त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येईल. कापडाच्या धंद्यातही नफ्यापेक्षा गिऱ्हाइकाचा भरवसाच शेवटी दुकान चालवतो.

खर्चाचा क्रम

आमचा सल्ला थोडक्यात असा. सर्वांत आधी हेल्मेटची काच, दिव्याची वाटी, गठ्ठ्यासह दिव्याचा कोन आणि बल्बवरचे व्होल्टेज. यात जवळजवळ काही खर्च नाही. त्यानंतर गरज असेल तर रिले आणि त्याच वॅटचा चांगला हॅलोजन. त्यानंतरही उजेड कमी पडत असेल आणि ऐपत असेल, तर आपल्याच मॉडेलसाठी बनलेला एलईडीचा पूर्ण दिवा. हॅलोजनच्या वाटीत बसणारा एलईडी बल्ब आम्ही स्वतःहून सुचवणार नाही. भिंतीच्या परीक्षेत तो उतरला तरी कायद्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. आणि एचआयडी किट कधीच नाही.

आणि दिवा कोणताही असो, समोरून गाडी येताना दिसली की अंगठ्याने तो खाली करावा. त्याला पैसा लागत नाही. रात्रीच्या रस्त्यावर अनोळखी माणसाला दिलेला हा सलामच आहे. तो पहिल्यांदा आपण करावा. समोरचा जवाब देवो अथवा न देवो.